सिकलसेल असलेल्या मुलांची तपासणी, दुखत नसतानाही का करायची?

आठ-दहा महिने दुखलं नाही, ताप आला नाही, शाळा बुडाली नाही. मग दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जाऊन रक्त कशाला द्यायचं? सिकलसेल असलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या घरात हा प्रश्न हमखास येतो. मूल कंटाळलेलं असतं, आईवडिलांचा दिवसाचा रोज बुडतो, डॉक्टर तेच ते विचारतात. एक तारीख चुकते, मग दुसरी. पुढे गोळ्याही बंद होतात.

आणि नेमकी हीच वर्षं या आजारात नाजूक असतात. मूत्रपिंड, खुब्याचं हाड, डोळ्याचा पडदा, फुप्फुसं यांना होणारी इजा या वयात सुरू होऊ शकते आणि बराच काळ तिचं काहीही लक्षण दिसत नाही. म्हणून सिकलसेलमध्ये बरं वाटत असताना केलेली तपासणी ही आजारी पडल्यावर केलेल्या उपचाराइतकीच महत्त्वाची असते.

थोडक्यात

• सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. तो संसर्गानं पसरत नाही.
• 'वाहक' आणि 'रुग्ण' यांत फरक आहे. आजीवन तपासणी लागते ती रुग्णाला.
• वयाच्या दहाव्या वर्षापासून लघवीची आणि डोळ्यांची तपासणी ठरावीक काळानं व्हायला हवी.
• हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रोज घ्यायचं असतं, दुखल्यावर घ्यायचं नसतं.
• बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना उपचार तुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

आजार नेमका काय आहे?

रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं आणि ते शरीरभर ऑक्सिजन पोचवतं. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या साखळीत एकाच ठिकाणी बदल असतो. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येतं. बदल एवढासाच, पण परिणाम मोठा. ऑक्सिजन सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे कडक दांडे बनतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी होते.

अशा पेशीचे दोन त्रास. पहिला, ती लवकर फुटते. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, विळ्याच्या आकाराची १० ते २० दिवसच. त्यामुळे रक्त कायम कमी असतं आणि डोळे पिवळट दिसतात. दुसरा, ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे अडकते तिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि असह्य दुखतं. हाच सिकलसेलचा 'झटका' किंवा क्रायसिस.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचं दाखवलं.

वाहक कोण, रुग्ण कोण?

आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलं तर मूल वाहक असतं. त्याला 'एएस' म्हणतात. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो, त्याला रोजचं औषध लागत नाही. दोघांकडूनही सदोष जनुक आलं तर मूल रुग्ण असतं, म्हणजे 'एसएस'. एका बाजूनं सिकलसेलचं आणि दुसऱ्या बाजूनं थॅलेसेमियाचं जनुक आलं, तरीही सिकलसेलसारखाच आजार होतो.

दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. पहिलं मूल रुग्ण निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. दर वेळी शक्यता तेवढीच.

गावपातळीवर होणारी सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. पहिल्या चाचणीवर थांबलेल्या मुलाची पक्की नोंद झालेली नसते, हे लक्षात ठेवायला हवं.

महाराष्ट्रात हा आजार कुठे आहे?

भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ मध्ये, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर विदर्भ, खानदेश आणि सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार सापडत गेला. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, अमरावतीचा मेळघाट, यवतमाळ, नंदुरबार, धुळे, नाशिक, पालघर अशी ही रांग आहे.

पुण्याचे डॉ. एस. एल. काटे आणि त्यांचे सहकारी यांनी राज्यातल्या वेगवेगळ्या समाजांत सिकलसेल मोजला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार, हे प्रमाण समाजागणिक शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत बदलतं. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या समाजांत ते जास्त आढळलं. विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही हा आजार आहे.

याचा अर्थ हा 'अमुक जातीचा' आजार आहे असा नव्हे. वाहक मुलं गंभीर मलेरियातून वाचण्याची शक्यता जास्त असते. म्हणून जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकलं. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राभोवतीचे देश यांतही तेच झालं. मात्र रुग्णाला, म्हणजे 'एसएस' मुलाला, मलेरियापासून असं संरक्षण नसतं. उलट त्याला मलेरिया झाला तर तो जास्त धोक्याचा ठरतो.

नागपूरच्या संपत रामटेके यांनी आपल्या मुलाच्या आजारपणानंतर सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि रुग्णांच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. चंद्रपूरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं लक्ष्य आहे.

तपासणीचा आकडा मोठा आहे. पण रुग्ण सापडला की काम संपत नाही, तिथून ते सुरू होतं.

'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असतो' हे खरं आहे का?

अर्धंच. भारतातल्या बहुतेक रुग्णांमध्ये सिकलसेलचा 'अरब-इंडियन' प्रकार असतो. त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त प्रमाणात टिकतं आणि ते पेशींना वाकडं होऊ देत नाही. त्यामुळे आफ्रिकेतल्या काही प्रकारांपेक्षा त्रास कमी होतो, असं पूर्वी सरसकट मानलं जायचं.

नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्याकडच्या मुलांची नोंद ठेवली तेव्हा चित्र तितकं सोपं नव्हतं. विदर्भातल्या अनेक मुलांना वारंवार झटके येतात, रक्त चढवावं लागतं, छातीचे त्रास होतात. सारखाच प्रकार असलेल्या दोन भावांमध्येही एकाला त्रास जास्त आणि दुसऱ्याला कमी, असं असू शकतं. म्हणून मूल 'सौम्य' आहे की नाही हे ठरवायला आडाखा कामाचा नाही. त्या मुलाची कित्येक वर्षांची नोंद लागते.

वयात येताना काय बदलतं?

पाचव्या वर्षापर्यंत मुख्य भीती असते ती जंतुसंसर्गाची आणि पानथरीत अचानक रक्त साठण्याची. किशोरवयात धोक्यांचं स्वरूप बदलतं.

वाढ. सिकलसेल असलेल्या मुलांची उंची, वजन आणि वयात येणं एक-दोन वर्षं मागे राहू शकतं. मिशी फुटत नाही, पाळी येत नाही, म्हणून मुलं खचतात. बहुतेकांची वाढ नंतर भरून निघते, पण दर भेटीत उंची-वजन लिहिलेलं असेल तरच ती नीट चालली आहे की अडली आहे हे कळतं.

मूत्रपिंड. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद लवकर कमी होते. मुलांना वारंवार लघवीला जावं लागतं, कधी रात्री अंथरूण ओलं होतं. पुढची पायरी म्हणजे लघवीतून प्रथिनं जाणं. ते दुखत नाही, दिसत नाही. लघवीच्या साध्या तपासणीत सापडतं आणि वेळेवर सापडलं तर औषधानं आवरता येतं.

खुबा. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा अडला की ते हाड झिजत जातं. मांडीत, जांघेत किंवा गुडघ्यात दुखतं, मूल लंगडतं. 'खेळताना लचकलं असेल' म्हणून महिने जातात.

डोळे. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडू शकतात. नजर शेवटपर्यंत चांगली असते आणि मग एकदम अंधारते.

पित्ताशय. पेशी सतत फुटत राहिल्यानं पित्तखडे होतात. डोळे पिवळे दिसले की गावात कावीळ समजून झाडपाल्याचं औषध दिलं जातं. सिकलसेलमधला पिवळेपणा बहुतेक वेळा पेशी फुटल्यामुळे असतो, त्यावर कावीळीचा उतारा चालत नाही.

मुलग्यांचा एक त्रास. लिंग तासन्‌तास ताठ राहून दुखणं हे सिकलसेलचंच लक्षण आहे. लाजेपोटी मुलं ते कुणालाच सांगत नाहीत. चार तासांहून जास्त राहिलं तर ते तातडीचं प्रकरण असतं आणि उशीर झाल्यास कायमची इजा होते. वयात येण्याआधीच डॉक्टरांनी किंवा वडिलांनी हे मुलाला सांगून ठेवायला हवं.

मन. मित्र नदीवर पोहतात, मैदानात धावतात, सहलीला जातात. या मुलांना दर वेळी 'तू नको' ऐकावं लागतं. मग गोळी लपवणं, आजार लपवणं सुरू होतं. सततचं दुखणं आणि शाळा बुडणं यातून येणारी उदासी हीही तपासणीत विचारायची गोष्ट आहे.

वर्षभराचं वेळापत्रक कसं असतं?

प्रत्येक मुलाचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतात. साधारण चौकट अशी असते.

दर भेटीत, म्हणजे दोन ते सहा महिन्यांनी
• उंची, वजन, रक्तदाब, शरीरातल्या ऑक्सिजनचं प्रमाण
• पोट तपासून यकृत आणि पानथरीचा अंदाज
• रक्तातल्या पेशींची मोजणी
• मागच्या भेटीपासून किती वेळा दुखलं, किती दिवस शाळा बुडाली, किती गोळ्या चुकल्या याची नोंद

वर्षातून किमान एकदा
• लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, दहाव्या वर्षापासून
• मूत्रपिंड आणि यकृताच्या कामाची रक्ततपासणी
• वारंवार रक्त चढवलं असेल तर शरीरात साठलेल्या लोहाची तपासणी
• २ ते १६ वयात मेंदूच्या रक्तवाहिन्यांची ट्रान्सक्रेनियल डॉपलर सोनोग्राफी

एक-दोन वर्षांनी
• डोळ्याच्या पडद्याची तपासणी, बाहुली मोठी करून, दहाव्या वर्षापासून

लक्षण दिसल्यास
• खुब्याचा एक्स-रे किंवा एमआरआय, दम लागत असल्यास हृदयाची टू-डी इको, पोटात दुखत असल्यास सोनोग्राफी

यातली डॉपलर तपासणी का महत्त्वाची, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासातून कळलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताचा वेग फार वाढलेला असेल तर त्या मुलाला पक्षाघाताचा धोका मोठा असतो. अशा मुलांना नियमित रक्त चढवल्यावर पक्षाघाताचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त कमी झालं. ही सोय सगळीकडे नाही. म्हणूनच वर्षातून एकदा मोठ्या रुग्णालयातली भेट ठरवून घ्यावी लागते.

याशिवाय न्यूमोकोकल, मेंदूज्वर, हिपॅटायटिस बी, टायफॉइड आणि दरवर्षीची फ्लूची लस यांची नोंद तपासली जाते. पानथरी निकामी झालेल्या शरीराला काही जंतूंशी लढता येत नाही, म्हणून या लसी चुकवायच्या नसतात.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी या मुलांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सिकलसेलमध्ये रक्त कमी असण्याचं कारण लोहाची कमतरता नसते. रक्त चढवलेल्या मुलांच्या शरीरात उलट लोह जास्त असू शकतं. फॉलिक ॲसिड मात्र सहसा रोज दिलं जातं.

हायड्रॉक्सीयुरिया रोज का घ्यायचं?

हे औषध शरीरातलं गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं. त्यामुळे पेशी वाकड्या कमी होतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, औषध घेणाऱ्या मोठ्या माणसांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. नागपूरच्या डॉक्टरांनी जास्त त्रास असलेल्या मुलांना वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम असा ठरावीक, कमी डोस दिला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही झटके, रक्त चढवण्याची गरज आणि दवाखान्यात भरती होणं कमी झालं. कमी डोसमुळे खर्चही कमी आणि रक्ताच्या तपासण्याही आवाक्यात, म्हणून आपल्याकडे हा निष्कर्ष मोलाचा आहे.

तीन गोष्टी मुलाला स्वतःला माहीत असायला हव्यात. एक, परिणाम दिसायला काही महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून सोडायचं नाही. दोन, ही वेदनाशामक गोळी नाही. दुखत नाही म्हणजे ती काम करते आहे. तीन, या औषधानं पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. म्हणून सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावंच लागतं. तपासणी न करता गोळ्या घेत राहणं आणि तपासणी टाळायची म्हणून गोळ्या सोडणं, दोन्ही चूक.

मूल हवं असेल किंवा गर्भ राहिल्याची शंका असेल तर हे औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नये. ही गोष्ट मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे.

कधी थांबायचं नाही?

पुढीलपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

• १०१ फॅरनहाइटच्या वर ताप
• छातीत दुखणं, दम लागणं
• अचानक हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलता न येणं, झटके येणं
• पोट अचानक फुगणं, डाव्या बाजूला दुखणं, मूल पांढरंफटक पडणं
• अचानक नजर जाणं
• चार तासांहून जास्त लिंग ताठ राहणं
• घरच्या गोळीनं न थांबणारं दुखणं

कोकणात यात एक भर. पावसाळ्यात लेप्टो, डेंग्यू, मलेरिया हे ताप असतातच, त्यामुळे 'दोन दिवस बघू' म्हणायची सवय आहे. सिकलसेल असलेल्या मुलाच्या बाबतीत हे दोन दिवस नसतात. ताप कशाचाही असो, त्याच दिवशी तपासायचा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात 'मुलाला सिकलसेल आहे' हे सांगायचं.

दुखल्यावर साध्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, ऊब आणि विश्रांती. दर वेळी दुसऱ्या दवाखान्यात जाऊन वेदनाशामक सुई घेणं धोक्याचं, कारण काही वेदनाशामकं मूत्रपिंडाला इजा करतात आणि ते आधीच नाजूक असतं.

अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर मूल 'हरवतं' कुठे?

दीर्घकाळ नोंद ठेवल्यानं काय साधतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण जमैकातलं आहे. तिथे किंग्स्टनच्या रुग्णालयात १९७३ ते १९८१ या काळात १ लाख नवजात बाळांची तपासणी झाली. सिकलसेल असलेली बाळं शोधून ग्रॅहॅम सर्जंट आणि त्यांच्या गटानं ती मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. आईला घरीच बाळाची पानथरी चाचपायला शिकवलं, एवढ्यानंही पानथरीत रक्त साठून होणारे मृत्यू कमी झाले. याच सर्जंट यांनी पुढे ओडिशा आणि नागपूरच्या डॉक्टरांबरोबरही काम केलं.

अमेरिकेत डॅलसमधल्या अशाच पाठपुराव्याचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली सिकलसेल ॲनिमियाची जवळजवळ ९४ टक्के मुलं अठराव्या वर्षापर्यंत पोचली होती. पण अलीकडचे बहुतेक मृत्यू अठरा ओलांडलेल्यांचे होते, आणि तेही मोठ्यांच्या विभागात गेल्यावर थोड्याच काळात झालेले.

कारण समजायला कठीण नाही. बालरोग विभागात डॉक्टर, परिचारिका ओळखीच्या असतात आणि आई सोबत असते. तारीख, गोळी, फाइल सगळं आईच्या डोक्यात असतं. अठरा झाले की मुलगा-मुलगी कॉलेजसाठी किंवा कामासाठी दुसऱ्या गावी जातात. नव्या डॉक्टरांना मागचं काहीच ठाऊक नसतं. पहिल्या झटक्यापर्यंत कुणी दवाखान्यात जातच नाही.

हे टाळायला बदल अठराव्या वाढदिवशी नव्हे, तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू करावा लागतो.

• तेरा-चौदा : मूल स्वतः आजाराचं नाव, प्रकार आणि गोळीचा डोस सांगू शकतं. डॉक्टरांशी काही मिनिटं आईवडिलांशिवाय बोलतं.
• पंधरा-सोळा : गोळी आणि तारीख स्वतः सांभाळतं. दुखणं कशानं वाढतं याची वही ठेवतं.
• सतरा : मोठ्यांच्या विभागातल्या डॉक्टरांची पहिली भेट, जुने डॉक्टर असतानाच.
• अठरा : फाइलची पूर्ण प्रत स्वतःच्या हातात.

मूल आचऱ्यासारख्या गावी राहत असेल तर?

सिंधुदुर्ग हा सिकलसेलच्या मुख्य पट्ट्यातला जिल्हा नाही. पण नोकरीनिमित्त विदर्भ-खानदेशातून कोकणात येणारे शिक्षक, कर्मचारी आणि दुसऱ्या राज्यांतून कामाला येणारे मजूर यांच्यासोबत मुलंही येतात. अशा मुलाची अडचण वेगळी असते. त्याचा आजार ज्यांना रोज दिसतो ते डॉक्टर शेकडो किलोमीटर लांब असतात आणि इथे तो क्वचित दिसतो.

मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचं उदाहरण घेतलं तर पायऱ्या अशा लावता येतात. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मुलाची नोंद, म्हणजे ताप आला तर आधीच माहिती असते. नेहमीची रक्त-लघवी तपासणी मालवण किंवा कणकवलीला. वर्षाची मोठी तपासणी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. त्यापुढची गरज पडली तर सिंधुदुर्गातली माणसं नेहमी जातात ते बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. मूळ गावच्या डॉक्टरांशी फोनवरचा संपर्क तोडायचा नाही.

किनाऱ्यावरच्या रोजच्या जगण्यातही काही गोष्टी पाहाव्या लागतात. समुद्रात किंवा खाडीत पहाटेच्या गार पाण्यात डुंबणं झटका आणू शकतं. ऊन असताना, थोडा वेळ, आणि बाहेर आल्यावर लगेच अंग कोरडं करून कपडे बदलले तर पाणी पूर्ण वर्ज्य करायची गरज नसते. मे महिन्यातल्या घामानं शरीरातलं पाणी भराभर कमी होतं, तेव्हा तहान लागायची वाट पाहायची नाही.

आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. ठरावीक वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहुट्यांत राहतो, साधारण थंडीच्या दिवसांत. सिकलसेल असलेल्या मुलाला यातून वगळायचं कारण नाही. पण उघड्यावरची रात्र गार असते. गरम कपडे, पायमोजे, अंगाखाली जाड अंथरूण, प्यायचं पाणी, तीन दिवसांच्या गोळ्या, फाइल आणि रात्री निघायला तयार असलेली एक गाडी, एवढं आधी ठरलेलं असलं की मूल सगळ्यांसोबत राहू शकतं. लग्न, जत्रा, शाळेची सहल यांनाही हाच नियम.

शाळेनं काय करायचं?

बाटलीतून पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची परवानगी मागावी लागू नये. शाळेतलं शौचालय वापरण्याजोगं नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. सिकलसेल असलेल्या मुलीला त्याची किंमत झटक्यात मोजावी लागते. मैदानात खेळू द्यावं, पण दमल्यावर थांबू द्यावं. थंडीत स्वेटर गणवेशाच्या रंगाचा नाही म्हणून काढायला लावू नये.

सिकलसेलचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे. तपासणीनंतर ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतल्या किमान ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र रक्ताचे आजार नाहीत. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि एसटी प्रवासात सवलत यांची चौकशी शाळेत आणि जवळच्या आगारात वेळेत करावी. कागदपत्रं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात होत नाहीत.

लग्नाचा आणि मुलांचा प्रश्न

सिकलसेल असलेली मुलगी किंवा मुलगा लग्न करू शकतो, त्यांना मुलं होऊ शकतात. जोडीदाराची रक्ततपासणी आधी झालेली हवी. जोडीदार पूर्ण निरोगी असेल तर सगळी मुलं वाहक होतील, एकही रुग्ण नसेल. जोडीदार वाहक असेल तर प्रत्येक वेळी निम्मी शक्यता रुग्ण मुलाची. आजार लपवून लावलेल्या लग्नात सगळ्यांत जास्त सोसावं लागतं ते मुलीला, कारण गरोदरपणात झटके, रक्तदाब आणि संसर्ग यांचा धोका वाढतो आणि तेव्हा लपवलेलं बाहेर येतं. गरोदरपण ठरवून, औषधं बदलून आणि मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवून असेल तर ते सुखरूप पार पडण्याची शक्यता खूप वाढते.

कायमचा उपचार आहे का?

जुळणाऱ्या भावंडाच्या बोन मॅरो प्रत्यारोपणानं आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारा दाता सगळ्यांना मिळत नाही आणि उपचारात धोकेही आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं १२ वर्षांवरील रुग्णांसाठी जनुक संपादनावर आधारित उपचाराला मान्यता दिली. त्याची तिथली किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. हे उपचार उद्या स्वस्त झाले तरी ज्याची मूत्रपिंडं, फुप्फुसं आणि मेंदू शाबूत आहेत त्यालाच त्यांचा पूर्ण फायदा घेता येईल.

फाइलमध्ये काय असावं?

प्लास्टिकच्या एका पाकिटात पुढच्या गोष्टी ठेवल्या आणि मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढले की नवा डॉक्टर, नवं गाव, अपरात्र कशातही वेळ जात नाही.

• पक्क्या चाचणीचा अहवाल, आजाराचा प्रकार लिहिलेला
• रक्तगट आणि आजवर किती वेळा रक्त चढवलं
• बरं असतानाचं हिमोग्लोबिन
• चालू औषधं, डोस, ॲलर्जी
• लसींची नोंद
• शेवटची लघवी, डोळे, डॉपलर, इको तपासणी कधी झाली
• नेहमीच्या डॉक्टरांचा फोन

यातली 'बरं असतानाचं हिमोग्लोबिन' ही ओळ छोटी वाटते. पण झटक्याच्या वेळी समोर आलेला ७ हा आकडा या मुलाचा नेहमीचा आहे की अचानक घसरलेला, हे डॉक्टरांना त्या एका ओळीवरून कळतं, आणि रक्त चढवायचं की नाही हे ठरवताना ते उपयोगी पडतं. ती ओळ भरायची असेल तर दुखत नसताना एकदा तरी रक्त दिलेलं असावं लागतं.